टर्बो गेला, क्लेम अडला: डिझेल गाडीवाल्यांसाठी पहिल्यापासूनची वाट

डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, गेला की दोन भांडणं एकदम लागतात. एक इंजिनशी, दुसरं वॉरंटी देणाऱ्याशी. पहिलं आपण मेकॅनिकवर सोपवून मोकळे होतो. दुसरं लागलंय हे बहुतेकांना नकाराचं पत्र हातात पडल्यावरच कळतं. तोवर जुना टर्बो परत पाठवलेला असतो, ऑइल जळक्या ऑइलच्या पिंपात गेलेलं असतं आणि फिल्टर कचऱ्यात.

मी आधी इंजिनं उघडायचो, नंतर काही वर्षं एका वर्कशॉपात क्लेमचे फॉर्म भरायचो. बिघाडाच्या कारणासाठी फॉर्मवर पाच रकाने होते. त्यातल्या 'ऑइल दूषित' वर खूण करणं सगळ्यांत सोपं. डिझेलचं ऑइल काळंच असतं, कोण विचारायला येणार? लॅबचा कागद न बघता मीही त्या खुणा केल्या आहेत. टेबलाच्या पलीकडे काय चालतं हे माहीत असावं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पुढचं सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं: आधी काय मोडलं? टर्बो फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी इंजिन गेलं, की इंजिनातल्या घाणीने टर्बो खाल्ला? पैसे कोणी भरायचे, ते या क्रमावर ठरतं. आणि हा क्रम सुट्या पार्टांवर लिहिलेला असतो, कोणाच्या तोंडी सांगण्यावर नाही.

पायरी १: बंद करा, आणि बंदच ठेवा

टर्बो जाताना सहसा सांगून जातो. शिट्टी हळूहळू सायरनसारखी होते, चढावर गाडी पिकअप घेत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. कधी यातलं काहीच होत नाही, थेट ऑइलचा लाल दिवा लागतो. दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. 'घरापर्यंत नेतो, दोनच किलोमीटर आहे' हे वाक्य मी जितक्यांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या बऱ्याच जणांना टर्बोच्या खर्चावर इंजिनाचा खर्चही बसला.

एक प्रकार मात्र फार वाईट. टर्बोचं सील जाऊन ऑइल हवेच्या पाइपात शिरतं आणि इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागतं. चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, आरपीएम चढतच जातो आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो. अशा वेळी गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन दमून बंद पडतं. ऑटोमॅटिक असेल तर हवेचं तोंड पूर्ण झाकलं तरच थांबेल. पण हात किंवा फडकं तिथे नेऊ नका, दोन्ही आत ओढले जातात. झाकायला सपाट, घट्ट फळीसारखं काही जवळ नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा. इंजिन गेलं तर जाऊ दे.

गाडी थांबल्यावर 'एकदा स्टार्ट करून बघू' हा मोह येतोच. टाळा. कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवेकडच्या) चाकाचा तुकडा तुटून इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, पडला असेल, तर तो पुढे सिलिंडरपर्यंत जायला तेवढं एक स्टार्ट पुरतं.

आता फोन काढा. किलोमीटरचा आकडा, लागलेले दिवे, गाडीखाली सांडलेलं ऑइल, हे सगळं टिपा. इंजिन निवलं की डिपस्टिक पुसून, पुन्हा बुडवून तिचा फोटो घ्या, पातळी नीट दिसेल असा. ऑइल कमी असेल तर प्रश्न तुमच्याकडे येतो. पण वरच्या खुणेच्याही वर असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे: बहुधा ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) गळत असेल तर असं होतं. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) साफसफाई सारखी अर्धवट राहत असेल तरीही होतं, कारण त्या वेळी जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या शाफ्टला, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याला, सांभाळू शकत नाही. वर्कशॉपात गाडी पोचल्यावर 'ऑइल टॉप-अप केलं' असं कोणी सहज करून गेलं, तर हा पुरावा गेला. म्हणून फोटो आधी.

गाडी टो करून न्या.

पायरी २: जॉब कार्डवर लक्षण लिहायला लावा

सर्व्हिस सेंटरला आपण सांगतो, 'टर्बो गेलाय.' तो माणूस तेच लिहितो आणि आपण सही करतो. पुढे इंजिनात दुसरंच काही निघालं, तर तुमच्याच सहीचा कागद म्हणतो की तक्रार टर्बोची होती. म्हणून जे दिसलं, जे ऐकू आलं तेवढंच लिहायला सांगा: 'इतक्या किलोमीटरला चालत्या गाडीत ताकद गेली, शिट्टीचा आवाज, निळा धूर, लगेच बंद केली, नंतर स्टार्ट केली नाही.' आणि खाली एक ओळ हक्काने: 'मालकाला कळवल्याशिवाय काहीही उघडू नये. काढलेले सर्व पार्ट, ऑइल आणि फिल्टर जपून ठेवावेत.' जॉब कार्डची प्रत खिशात घेऊनच बाहेर पडा.

ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांचा प्रिंट मागा. कोडसोबत त्या क्षणीचा आरपीएम, तापमान, बूस्टचा (टर्बोने भरलेल्या हवेचा) दाब असा तपशील बऱ्याच गाड्यांत साठवलेला असतो. ताकद वाढवायची चिप बसवून घेतली असेल तर ती याच ठिकाणी उघडकीला येते. तशी असेल तर लपवू नका. पण चिपमुळेच हा बिघाड झाला हे दाखवा, असं मात्र जरूर म्हणा.

पायरी ३: तुमच्याकडे नेमकी कुठली वॉरंटी आहे ते बघा

कंपनीची मूळ वॉरंटी, पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी, जुनी गाडी विकणाऱ्याची वॉरंटी आणि मागच्या वेळी बदललेल्या पार्टची वॉरंटी, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना सगळे नुसतं 'वॉरंटी' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक्स्टेंडेड प्रकार बहुधा विम्याच्या कराराच्या अंगाने जातो. त्यात टर्बो यादीत असतो, पण रबरी होज नसतो. होज चिरला, धूळ शिरली, टर्बो घासला, तर ते म्हणणार की सुरुवात यादीबाहेरच्या पार्टने झाली. 'आधी काय मोडलं' हा प्रश्न पुन्हा आलाच.

पुस्तिकेत तीन गोष्टी शोधा: दूषित इंधन-ऑइलबद्दलचं कलम, झीज आणि परिणामी नुकसान यांबद्दलचं कलम, आणि वाद झाला तर तक्रार किती दिवसांत, कुठे करायची ते. मग सर्व्हिसची बिलं लावा. 'इंजिन ऑइल बदललं' एवढंच लिहिलेलं बिल अर्धं. ऑइलची ग्रेड, किती लिटर, फिल्टर कुठला, किलोमीटर किती, हे असेल तर ते पूर्ण. बाहेर सर्व्हिस केली असली तरी योग्य ग्रेडचं बिल हाती असेल तर बाजू बळकट राहते. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं, त्यामुळे डब्यावरची ग्रेड आणि पुस्तिकेतली ग्रेड जुळते का, तेही आधी स्वतःच तपासा. तुमच्या बाजूची चूक समोरच्याने काढण्याआधी तुम्हाला कळलेली बरी.

पायरी ४: उघडताना तिथे उभे राहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. रजा काढावी लागली तरी काढा.

ऑइल काढण्याआधी नमुना घ्या. स्वच्छ, कोरड्या तीन बाटल्या: एक तुमची, एक त्यांची, एक भांडण लागलं तर उघडायची. तिन्हींवर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि दोघांच्या सह्या. लॅबच्या अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही चढलेले दिसले, तर हवेच्या वाटेने धूळ गेल्याचा संशय घ्यायचा. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट शिरलंय. लोखंड, तांबं, शिसं म्हणजे आतले बेअरिंग नाहीतर लायनर (सिलिंडरची आतली भिंत) झिजतायत. डिझेलचं प्रमाण वेगळं काढून मिळतं. एक मेख लक्षात ठेवा. धातू मोजायची नेहमीची चाचणी फार बारीक कणच पकडते, साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचे. डोळ्यांना चमकणारा चुरा तिच्यात येतच नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' यावर थांबू नका, ऑइल फिल्टर कापा.

फिल्टर कापायचा म्हणजे करवतीने नव्हे. करवतीचा कीस आत पडतो आणि मग तोच पुरावा ठरतो. कॅन कापायचं कटर वापरायचं. आतला कागद काढून पंख्याच्या घड्यांसारखा उलगडायचा, ऑइल निथळू द्यायचं आणि उन्हात तिरका धरायचा. चांगल्या इंजिनाच्या कागदावर नुसती काळी साय असते. बिघडलेल्यावर घड्यांच्या तळाशी चकाकी दिसते, बारीक टिकल्या सांडल्यासारखी. चुंबक फिरवा: चिकटलं ते लोखंड, राहिलं ते तांबं, पितळ किंवा ॲल्युमिनियम. याचे फोटो जवळून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आता टर्बो. हवेच्या बाजूचा पाइप काढला की कॉम्प्रेसरचं चाक दिसतं. शाफ्ट बोटांत धरून वर-खाली हलवला तर किंचित हलतो. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि सर्व्हिसवाला म्हणतो, 'बघा, प्ले आहे.' बुशचा (शाफ्ट धातूच्या नळीत फिरतो तो) टर्बो असेल तर तेवढा प्ले असायलाच हवा. शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, म्हणून बुशमध्ये जागा सोडलेली असते. चाक भिंतीला घासतंय का ते बघा. आणि शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. त्या दिशेने हाताला जाणवेल इतका हलला तर तो गेला.

पायरी ५: जखमेवरून हत्यार ओळखा

छोट्या डिझेलच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे मारतो. तो आणि बुश यांच्यामध्ये असतो फक्त ऑइलचा पापुद्रा. त्यामुळे केसाहून बारीक कणही तिथे ओरखडा काढतो, आणि क्षणभर ऑइल तुटलं तरी धातू धातूला लागतो. दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. बुशवर आणि शाफ्टवर गोल गोल चऱ्या असतील तर ऑइलमध्ये घाण होती. शाफ्ट निळा-जांभळा पडला असेल तर ऑइल पोचलंच नाही, तो तापून जळला. चाकाच्या पात्यांच्या पुढच्या कडा तुटक्या, दातेरी असतील तर काहीतरी कडक आदळलंय: नट, वॉशर, तुटलेला क्लिप. त्याच कडा गुळगुळीत घासून पातळ झाल्या असतील तर ती धूळ, आणि एअर फिल्टरकडे बोट जाणार. कॉम्प्रेसरच्या चाकाच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसला तर टर्बो मर्यादेबाहेर फिरलाय. एक्झॉस्टकडच्या चाकाला मार असेल तर तुकडा इंजिनातून आलाय, कारण तिथे बाहेरून काही शिरायला वाटच नाही. ग्लो प्लगचं (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगचं) टोक, नोझलचं टोक, व्हॉल्व्हचा कपचा, काय गायब आहे ते इंजिनात शोधायचं.

आणि शाफ्ट-बुश स्वच्छ आहेत, तरी ऑइल गळतंय? मग टर्बोला सोडा. त्याची सीलं पिस्टन रिंगसारखी असतात आणि आतल्या-बाहेरच्या दाबावर चालतात. ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) जातं ते स्वतःच्या वजनाने, रिटर्न पाइपातून. इंजिन झिजून बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली निसटणारा गॅस) वाढलं किंवा रिटर्न पाइप कार्बनने तुंबला, तर ऑइलला खाली जायला जागा नसते आणि ते सीलमधून बाहेर पडतं. अशा इंजिनावर नवा टर्बो टाकलात तर तोही गळणार.

एक केस सांगतो. एका गृहस्थांच्या गाडीचा टर्बो वर्षाच्या आत तीनदा गेला. दोनदा वॉरंटीत बदलून मिळाला. तिसऱ्यांदा पत्र आलं: ऑइल दूषित, मालकाचा निष्काळजीपणा. माणूस असा की ऑइल ठरल्याच्या आधीच बदलणारा, बिलं फाइलमध्ये तारखेने लावलेली. आम्ही चेंबर उतरवला. ऑइल ओढून घेणाऱ्या स्ट्रेनरची जाळी डांबरासारख्या थराने लिंपलेली, उघडी फक्त एका कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. हा कार्बन आला कुठून? गृहस्थ म्हणाले, 'थंडीत सकाळी स्टार्ट केली की चक-चक असा आवाज यायचा, मग जायचा.' वर बघितलं तर तिसऱ्या नोझलखालचा तांब्याचा वॉशर गळत होता आणि नोझलभोवती काळा दगडी थर साचला होता. जळता गॅस तिथून निसटून हळूहळू ऑइलमध्ये कार्बन मिसळत होता. त्याने जाळी बुजवली आणि ऑइलसाठी सगळ्यांत आधी तडफडला तो टर्बो. पहिल्या दोन्ही वेळी कोणी चेंबर उघडला नव्हता, टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइपही बदलला नव्हता. म्हणजे ऑइल दूषित होतं हे पत्रातलं म्हणणं खरंच होतं. चूक होती ती त्यापुढच्या दोन शब्दांत. वॉशरच्या बैठकीचे आणि जाळीचे फोटो पाठवल्यावर कंपनीने पार्टचे पैसे मान्य केले, मजुरी गृहस्थांना भरावी लागली. मला विचाराल तर मजुरीही मिळायला हवी होती, पण ते दमले होते.

डिझेलवरच ठपका आला तर

टर्बोऐवजी हाय प्रेशर पंप (डिझेलला दाब देणारा) गेला असेल तर पत्रात 'दूषित इंधन' येतं. कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) हा पंप डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतो, त्याला वेगळं ऑइल नसतं. ही स्निग्धता मापायला चाचणीत पडणाऱ्या घासखुणेची रुंदी मोजतात, खूण रुंद म्हणजे स्निग्धता कमी: युरोपचं ईएन ५९० मानक ४६० मायक्रॉनपर्यंत चालवून घेतं, अमेरिकेचं डी ९७५ हे ५२० पर्यंत. म्हणजे एकीकडे नापास ठरेल असं डिझेल दुसरीकडे कायदेशीररीत्या विकलं जातं आणि त्यात तुमचा काहीच दोष नसतो. पंपाच्या आत गंज असेल तर पाणी बरेच दिवस मुरलंय. गंज नाही, नुसता चकचकीत चुरा आहे, तर पंपाने स्वतःलाच खाल्लंय, आणि कशामुळे ते अजून सिद्ध व्हायचंय. फिल्टरच्या भांड्यातलं डिझेल ओतू देऊ नका, नमुना त्याचाच घ्या. चुरा रिटर्न लाइनने टाकीपर्यंत जातो, त्यामुळे नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, नोझल, पाइप आणि टाकी सगळंच हिशोबात धरा.

पायरी ६: नकार आला तर

फोनवरचा नकार हा नकार समजूच नका. लेखी मागा आणि पत्रात तीन प्रश्न विचारा: कुठलं कलम, कुठला पुरावा, आणि त्या कारणाने हाच पार्ट कसा गेला. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक पत्रं अडखळतात. सर्व्हिस एकदा उशिरा झाली होती हे खरं असू शकतं, पण एक्झॉस्टकडच्या चाकावर नोझलचं टोक आदळण्याशी त्याचा संबंध दाखवावा लागतो. उलट ऑइल खरोखरच दुप्पट किलोमीटर चालवलं असेल आणि बुशवर चऱ्या असतील, तर भांडण्यात पैसे घालवू नका. थोडीफार सवलत मागून घ्या.

नकार कायम राहिला तर स्वतंत्र तपासनीस आणा, शक्यतो दोन्ही बाजूंच्या हजेरीत. त्याआधी दुरुस्ती सुरू झाली तर त्याला बघायला काही उरत नाही. पण गाडीवर पोट असेल तर महिनोन्महिने थांबणंही परवडत नाही. अशा वेळी 'हरकत राखून, स्वखर्चाने दुरुस्ती करून घेत आहे' असं लिहून द्या, आणि जुने पार्ट ताब्यात घ्या.

इथे एक खाच आहे. रीकंडिशन केलेला टर्बो बहुधा जुना परत देण्याच्या बोलीवर मिळतो. जुना दिला नाही तर जादा रक्कम लागते. ती भरा. क्लेम अर्ध्यावर असताना जुना टर्बो परत जाऊ दिला, तर पुरावा धुऊन-पुसून दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसेल.

कंपनी 'माणुसकी म्हणून' अर्धा खर्च देऊ करते, तेव्हा पावतीवरचं वाक्य वाचा. 'पूर्ण आणि अंतिम' असं असेल तर पुढे इंजिन गेल्यावर तोंड उघडता येणार नाही. रक्कम चांगली असेल तर घ्याही, पण काय सोडतोय ते समजून. त्यापलीकडे ग्राहक तक्रारीची वाट असतेच, आणि तिथे वरचे सगळे फोटो, बाटल्या, जॉब कार्ड कामाला येतात.

पायरी ७: नवा टर्बो बसवण्याआधी

इंटरकूलर उतरवून उलटा करायला सांगा. मी धरलेल्या एकातून कपभर ऑइल आणि त्याच्या मागोमाग तांदळाच्या कणीएवढे ॲल्युमिनियमचे तुकडे निघाले, तेही वर्कशॉपने 'हवा मारून साफ केला' असं सांगितल्यावर. तुकडे होऊन फुटलेल्या टर्बोनंतर इंटरकूलर बदललेलाच बरा, आतल्या पातळ पट्ट्यांमध्ये अडकलेलं सगळं कधीच निघत नाही. ऑइलचा फीड पाइप नवा. स्ट्रेनर उघडून साफ. ऑइल कूलरमध्येही कण दडतात. डीपीएफ ऑइलने भरला असेल तर बॅक प्रेशरने नवा टर्बोही जाईल, त्यामुळे त्याचा दाब मोजून घ्या. यातलं काय काय केलं ते बिलावर एकेका ओळीत येऊ द्या, कारण नव्या टर्बोची वॉरंटी देणाराही उद्या हीच यादी मागणार आहे.

बसवल्यावर टर्बोत आधी स्वच्छ ऑइल ओतायचं. मग इंजिन पेटू न देता, ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारायचा, थांबून थांबून. पेटल्यावर काही मिनिटं आरामात चालू द्यायचं, रेस नको. ऑइल आणि फिल्टर काहीशे किलोमीटरवर पुन्हा बदला आणि हाही फिल्टर कापून बघा.

जुना टर्बो, कापलेला फिल्टर आणि सह्यांची बाटली एका खोक्यात घालून, क्लेम बंद झाल्याचं लेखी येईपर्यंत घरात ठेवा. घरात ऑइलचा वास येतो. खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळा.